भाड्याचा पंखा

बुटांच्या बड्या कंपनीचा तपासनीस यायचा असला की आमच्या टेम्पोला उसंत नसते. कंपनी स्वतः एक टाकाही घालत नाही. बूट बनतात गल्लीबोळांतल्या कारखान्यांत, आणि खोक्यावर छापलेलं असतं, ‘माणसांची आणि निसर्गाची काळजी घेऊन बनवलेले’. ती काळजी मी पोचवतो. आग विझवायची लाल नळकांडी, औषधाची पेटी, मास्क, झाडांच्या कुंड्या आणि भिंतीत बसवायचा मोठा पंखा. आमचे मालक हे सगळं भाड्यानं देतात. तपासणी झाली की उचलायचं आणि पुढच्या कारखान्यात नेऊन मांडायचं.

त्या दिवशी दुसरा नंबर ताईच्या कारखान्याचा होता. माझी सख्खी बहीण तिथे बुटांचे तळ चिकटवते. आत शिरलं की सोल्यूशनचा वास थेट डोक्यात जातो. पंख्यासाठी भिंतीत भोक आहे, पण एरवी त्यावर पत्रा ठोकलेला. कारखानदाराला वारा परवडत नाही. वाऱ्यानं सोल्यूशन लवकर सुकतं, पुन्हा लावावं लागतं. बायकांची फुप्फुसं सुकली तर त्याच्या खिशातून काही जात नाही.

मी पत्रा काढला, पंख्याचे बोल्ट आवळले, बटण दाबलं. ताई पंख्याकडे तोंड करून उभी राहिली. गेल्या हिवाळ्यापासून तिला आडवं झोपता येत नाही. भिंतीला उशी लावून रात्रभर बसते.

"आलास काळजी घेऊन?" ती म्हणाली. "किती वेळ ठेवणार?"

"साहेब जाईपर्यंत."

"मग साहेबाला जेवायलाच थांबवू."

बायका हसल्या आणि हसता हसता खोकायला लागल्या.

दाजीही तिथेच होते. गवंडी माणूस. फुटकी पायरी साहेबाला दिसू नये म्हणून कारखानदारानं त्यांना बोलावून घेतलं होतं.

तपासनीस आला. सकाळी पहिल्या कारखान्यात त्यानं मला पाहिलं होतं.

"तुम्ही सगळीकडे दिसता," तो म्हणाला.

"तुम्हीही, साहेब."

त्यानं पंख्याकडे पाहिलं. चौकटीवर पिवळ्या रंगाचा ओघळ आहे, सकाळीही होताच. त्याला कळलं. त्याला कळलंय हे मलाही कळलं. मग त्यानं विचारलं, "चालतो ना व्यवस्थित?" आणि तो ऑफिसात चहा प्यायला गेला. आंधळा असता तर मी त्याला माफ केलं असतं.

साहेब गेल्यावर नळकांडी, कुंड्या टेम्पोत चढवून मी पाना घेऊन आत आलो. बोल्ट दिसेनात. चारी बाजूंनी जाड सिमेंट लिंपलेलं.

"ताई, हे काय?"

"तुझ्या दाजींना विचार. पायरीतून उरलं म्हणाले."

दाजी दारात थापी धूत होते. "ओलं आहे अजून, मेव्हणे. आत्ता खेचलंत तर निघेल. उद्या भिंत फोडावी लागेल."

"माझी नोकरी जाईल, दाजी."

"जाईल. म्हणून तर ओलं असताना सांगतोय."

"बघतोस काय? काढ तो!" कारखानदार मागून ओरडला. खिशात फोन वाजत होता. तपासनीस तिसऱ्या कारखान्याकडे निघाला होता, आणि तिथल्या भिंतीत नुसतं भोक होतं.

मी पाना टेकवला. तो लोण्यात शिरावा तसा आत गेला. ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ब्रश बुडवून ती तळाला सोल्यूशन लावत राहिली.

मी पाना बाहेर काढला, पुसला आणि फोन घेतला.

"निघालास का?" मालकांनी विचारलं.

"निघतोय. पंखा इथेच राहतोय."

"राहतोय म्हणजे? तिकडे साहेब भोकाकडे बघेल ना!"

"बघू दे की."

मालकांनी माझ्या बहिणीचा उद्धार केला. ती समोरच बसली होती.

कारखानदारानं मला ढकलून पंख्याचं बटण बंद केलं. पाती थांबायच्या आत ताईनं उठून ते परत चालू केलं, आणि तिथेच, बटणाला पाठ लावून, उभी राहिली. तिच्या शेजारची बाईही उठली.

दाजींनी धुतलेली थापी पुन्हा सिमेंटात बुडवली आणि माझ्या पान्यानं पडलेला खळगा बुजवला.