साबूच्या झाडांकडे

प्रिसिला तिओंग सिबू शहरातली. वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान, घर पक्कं देवभोळं. कॉलेज संपल्यावर तिनं एक वर्ष देवाच्या कामाला द्यायचं ठरवलं. चर्चनं तिला बाराम नदीच्या वरच्या अंगाला, जंगलात राहणाऱ्या पेनान लोकांच्या एका गावात, मुलांना लिहायला-वाचायला आणि गाणी शिकवायला पाठवलं. उबोंग नावाच्या बाईकडे तिची सोय झाली. गावानं तिचं नाव छाटून सिला केलं.

सुरुवात जड गेली. साबूच्या झाडाच्या पिठाची चिकट लापशी लाकडी चिमट्याला गुंडाळून तोंडात घालायची, तर ती टाळूला चिकटून बसे आणि पोरं लोळत हसत. जळवांचं तर विचारूच नका. घरून निघताना तिला वाटलं होतं, आपण यांना प्रार्थना शिकवू. पण इथले लोक आज्यापणज्यापासूनचे ख्रिस्ती. शिकारीला निघताना प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना, आणि ती इतकी लांब की सिलाचं सगळं लक्ष भांड्याकडे.

वर्ग मात्र बरा भरत होता. एका सकाळी ती घंटा वाजवून दमली, तरी एकही पोर फिरकलं नाही. बाहेर येऊन बघते तर गाव वेताच्या करंड्या पाठीला लावून निघालेलं.

"मावशी, वर्गाचं काय?" तिनं उबोंगला विचारलं. आवाजातला राग काही लपला नाही.

"तांदूळ संपला. साबू काढायला चाललोय. पोरं मागे टाकून कोण जातं?" करंडीचा पट्टा कपाळावर बसवत उबोंग म्हणाली. "तू राहा हवं तर. भिंती कुठे पळून जात नाहीत, त्यांना शिकव."

सिला थोडा वेळ फुगून बसली. मग रिकाम्या गावाचीच तिला भीती वाटायला लागली. वह्या, पेन्सिली पिशवीत कोंबून ती मागून धावली.

वाटेत ओढा ओलांडताना तिचा पाय घसरला. ती पाण्यात, पिशवी पाण्यात. काठावर बसून ती वह्यांची पानं सोडवायला लागली, ती हातातच फाटली, तेव्हा तिला रडू आवरेना. आपण इथे कशाला आलो, असं ती पुटपुटत होती. उबोंग शेजारी टेकली. सुरीच्या पात्यानं तिच्या पोटरीवरच्या जळवा काढत राहिली. शेवटची जळू निघाल्यावर एवढंच म्हणाली, "चल. पुढे गेलेल्या नवऱ्यानं डुक्कर मारलं असलं तर आपण पोचेपर्यंत भाजून होईल."

डुक्कर मिळालं होतं. उबोंगचा नवरा बालान वाटे घालत होता. दर चुलीला एक, सगळे सारखे. सिलाला चूल नव्हती, तरी तिचा वाटा वेगळा काढलेला होता.

दुसऱ्या दिवशी पुरुषांनी साबूचं झाड फोडून गाभ्याचा भुगा केला आणि बायका उंच बांधलेल्या चटईवर पाणी ओतून तो तुडवायला लागल्या. सिलाही चढली. तिचे पाय भलतीकडेच पडत, बायका कोपरानं ढकलून तिला जागेवर आणत. शेवटी ताल धरायला म्हणून तिनं वर्गातलं गाणं सुरू केलं. उबोंगनं खालचा सूर लावला, बाकीच्यांनी आपापला. खालून पिठाचं पांढरं पाणी वाहत होतं, आणि पोरं कोळशानं झाडाच्या सालीवर त्या गाण्याचे शब्द लिहीत होती. वह्यांची आठवणही कुणाला नव्हती.

रविवारी जेवणाआधी बालाननं तिला प्रार्थना सांगायला लावली. पाठ केलेली लांबलचक प्रार्थना तिला आठवेना. तिनं डुकरासाठी, साबूसाठी आणि उबोंगमावशीसाठी देवाचे आभार मानले आणि आमेन म्हणून टाकलं.

"बरी झाली," बालान डोळे उघडत म्हणाला. "अन्न गरम आहे अजून."

पुढे पावसाळ्याआधी शहरातून चर्चचे पाळक आले. रस्त्याकाठच्या एका गावात शिकवायची जागा रिकामी झाली होती. वीज, दवाखाना, सगळं जवळ. ते तिला शोधत ओढ्यावर पोचले तेव्हा ती गुडघ्यापर्यंत पांढरी झालेली, चटईवर उभी होती. त्यांनी विचारलं, "येतेस?"

"नको," सिला म्हणाली. "तुम्ही बसा ना. एवढं गाळून झालं की जेवायलाच बसू."

उबोंगनं पाळकांकडे पाहिलं, मग त्यांच्या बुटांकडे. "बसायचं कशाला? बूट काढा," ती म्हणाली. "चटईवर जागा आहे."

पाळकांनी बूट काढले.