पांढऱ्या घोड्याची विहीर

चुडामण विहिरीच्या जाळीवर मांडी घालून बसला. काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता, चार मजूर हातात घमेली घेऊन खोळंबले होते, आणि हा सत्तरी ओलांडलेला गडी टोपी काढून गुडघ्यावर ठेवून म्हणतो कसा, "आधी माझं लिहून घ्या. मग टाका तुमचा स्लॅब."

मोनाली कडुनिंबाखाली लॅपटॉप उघडून बसली होती. बागेचं सुशोभीकरण धुळ्याच्या ज्या कंपनीला मिळालं होतं, तिथली ही पोर. विहिरीवर ओपन जिम बसवायची आणि फाटकाशी बागेच्या इतिहासाचा फलक लावायचा, ही दोन कामं तिच्याकडे होती.

"आबा, तुमचं तर कधीच लिहून झालं. मडम, पांढरा घोडा, सगळं."

"ते खोटं शे."

मोनाली हसली. मजूरही हसले. चुडामणनं आपण खोटं बोललो म्हणणं ही त्याची आणखी एक थाप, एवढं त्यांनाही कळत होतं.

छत्तीस वर्षं तो या बागेचा माळी. बाग म्हणजे काय, तर दोन झोके, त्यातल्या एकाला फळी नाही. बूड भाजणारी पत्र्याची घसरगुंडी. कायम कुलूपबंद मुतारी. आणि कोरडं ठाक कारंजं. पण चुडामण सांगायला बसला की त्याच कारंज्यातून गुलाबपाणी उडायचं. गोऱ्या साहेबाची मडम दोंडाईच्याकडे निघाली होती म्हणे. चैताचं ऊन. घोडा तहानेनं अडला. त्यानं उजवा खूर आपटला आणि जमिनीतून अशी चिळकांडी उडाली की मडमेची टोपी भिजली. मग साहेबानं तिथं विहीर बांधली, भोवती बाग लावली. गुलाबपाण्याचं चुडामणला स्वतःलाही जरा जास्तच वाटे, पण लोकांना नेमकं तेच आवडे.

"मग खरं काय आहे?" मोनालीनं घड्याळ पाहत विचारलं.

चुडामणचा हात टोपीच्या कडेवरून फिरत राहिला. थाप मारताना न अडखळणारी त्याची जीभ आज शब्द शोधत होती.

"बहात्तरच्या दुष्काळात इथं नुसता कोरडा आड होता. तो खोल करायला घेतला. मी अठरा वर्षांचा, वर रहाटावर. माझा मोठा भाऊ कौतिक खाली. अठ्ठावीस हातांवर पाणी लागलं. त्यानं खालून हाक मारली, चुडा, गोड शे रे! आणि दरड सुटली."

मिक्सर बंद करायला मोनालीनं हात केला.

"भर दुपार. कामावर आम्ही चौघंच. मुकादम म्हणाला, माणूस खाल्लेल्या विहिरीचं पाणी कोणी तोंडात घेणार नाही, आणि तीन गल्ल्यांना दुसरा थेंब नाही. आईनं पदर तोंडात कोंबला. कौतिकला उकरून वर काढला आणि गोणपाटाखाली घालून तापीकाठी नेला. गल्लीत सांगितलं, सुरतेला गेला, मिलमध्ये लागला."

"आणि घोडा?"

"दोन दिवस काम बंद राहिलं. लोकांना शंका आली. बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या, पण पाणी कोणी शेंदेना. मग मी शेंदलं. सगळ्यांसमोर घटाघटा प्यालो आणि म्हणालो, अरे, हा साधा झरा नाही, मडमेच्या घोड्याचा शे." त्यानं टोपी मुठीत धरली. "मला दुसरं काही सुचलं नाही. फलकावर कौतिकचं नाव टाक, बाई. एक ओळ."

मोनालीनं लॅपटॉपवर बोट ठेवलं, पण काही लिहिलं नाही.

"कागद काही आहे?"

"हजेरीपत्रकावर त्याचा अंगठा होता. ते वाळवीनं खाल्लं."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"बठ्ठे गेले. मी एकटाच उरलो."

"आबा, मला तीन ज्येष्ठांचे जबाब लागतात. मी घेतलेत. तिघांनी घोडाच सांगितला." तिनं बाकावरच्या जीवराम नानांना हाक मारली. जीवराम चुडामणच्या बरोबरीचा, गल्लीतला जुना शिंपी. तो हातात फडकं घेऊनच आला.

"नाना, कौतिक या विहिरीत गेला का?"

"कौतिक? तो तं सुरतले गया ना भो!" जीवराम चुडामणकडे वळला. "मिलमा मुकादम व्हयना, दोन पोरं व्हयनात. तूच सांगेल शे माले. आते काय, भाऊले मारी टाकतोस का?"



जीवरामनं फडकं सोडलं. आत घासून लखलखीत केलेली नाल होती. "हाई घे बाई. मडमना घोडानी. पन्नास वरीस मन्हा दारले व्हती."

ती नाल एका टांग्याच्या घोडीची. जीवरामला ती दिली होती चुडामणनंच. त्यानं नालेकडे पाहिलं, जीवरामच्या भाबड्या तोंडाकडे पाहिलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि मजुराचा हात धरून जाळीवरून उठला.

महिन्याभरात फलक लागला. घोड्याचं चित्र झकास आलं होतं, नाल काचेच्या पेटीत होती. एका संध्याकाळी जीवराम जामनेरच्या व्याह्यांना बाग दाखवायला घेऊन आला. स्लॅबवर दोन बाया व्यायामाच्या लोखंडी पायट्यांवर उभ्या राहून हवेत चालत होत्या.

"चुडामण, पाहुनासले सांग जरा."

चुडामण बाकावर सरकला. खाकरला.

"मडमेबरोबर एक मोतद्दार होता. घोड्याचा लगाम त्याच्याच हातात. बावीस वर्षांचा, उंचापुरा गडी. नाव कौतिक. तहान घोड्याला लागली होती, पण पाणी आहे हे आधी कळलं ते कौतिकला. तो खाली वाकला..."

पाहुणे फलकाकडे बघू लागले. त्यावर माणूस नव्हताच.

"हाऊ कोन नवा काढा रे?" जीवराम ओशाळून हसला, पाहुण्यांकडे बघून त्यानं कानाजवळ बोट फिरवलं. "वय व्हयनं त्यानं. ते राहू दे, चुडामण. घोडानं सांग."

चुडामण स्लॅबकडे बघत राहिला. बाया अजून चालत होत्या, जागच्या जागी.

"घोडा पांढराशुभ्र होता," तो म्हणाला.