विहारातला कललेला पिंपळ

पुंजाजी मास्तरांनी चित्र काढावं आणि लेकीनं त्यात खोट काढावी, असा त्या घरातला रिवाजच होता. लेक दीपमाला अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवायची. रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला यायची. मास्तर चित्रकलेचे, निवृत्त, एकटे. त्या रविवारी ते वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर पिंपळ काढत होते. कागदावरच्या लहान चित्रावर चौरस घरं आखायची, भिंतीवर तितकीच, पण मोठी घरं आखायची आणि एकेक घर पाहून उतरवायचं, ही त्यांची जुनी रीत.

"पोरी, झाड पडून राह्यलं का गं?"

"पडत नाही बाबा. टेशनाकडं निघाल्यावानी दिसते."

"माही एक रेघ वाकडी दाखव!"

रेघ वाकडी नव्हतीच. पण उभ्या रेघांसाठी मास्तरांनी ओळंबा सोडला नव्हता, दाराच्या चौकटीला धरून त्या ओढल्या होत्या. आणि चौकटच कललेली.

"सगळी घरं सारखीच कलली, म्हणून काही तुटलं नाही," ती म्हणाली. "आमी याले रेषीय रूपांतरण म्हणतो."

"नाव लय मोठं. पुसू काय?"

"पुढच्या रविवारी पाहू. माही गाडी चुकते नाहीतर."

"जाय मग. पोळ्या बांधल्या हायेत, इसरू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या संघपालचा फोन आला. मास्तर झोपेतच गेले होते.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. संघपालनं चाचरत विचारलं, "ताई, भिंतीले चुना मारू काय? अर्धं झाड बरं नाही दिसत. पेंटर सरळ काढून देते."

"आजचा दिवस थांब."

ती एकटीच भिंतीपुढे उभी राहिली. खोड आणि खालच्या फांद्या झाल्या होत्या. वर नुसती कोरी भिंत. तिथं सरळ घरं आखली असती, तर झाड कमरेत मोडलं असतं. बापाचंच पुढं न्यायचं, तर त्यांचा कल नेमका सापडायला हवा.

वर्गात ती हेच शिकवायची. सगळं प्रतल कुठं गेलं ते शोधत बसू नका. एका घराच्या दोन बाजू कुठं गेल्या, तेवढं पाहा. तिनं खालचा डावा कोपरा शून्य धरला. आडवी बाजू आडवीच राहिली होती, वीतभर. उभी बाजू वीतभर चढताना दोन बोटं उजवीकडे सरकली होती. बस. कागदावरचं पान तीन घरं आडवं, सात घरं वर असेल, तर भिंतीवर पहिली बाजू तीनदा, दुसरी सातदा मोजायची. मास्तरांनी न काढलेली पानंही त्या दोन बाजूंत आली होती.

तिनं संघपालला फोन करून चुना नको म्हणून सांगितलं आणि मास्तरांचा कागद घेऊन ती स्टुलावर चढली.

फांदी झाली, पानं झाली. खोट काढायला मागं कोणी नव्हतं. लहानपणी ती अशीच त्यांच्या मागं उभी असायची. कागदावरची चिमणी भिंतीवर बैलाएवढी व्हायची आणि तरी चिमणीच राहायची. हे होतं कसं, या प्रश्नानंच ती गणिताकडे गेली होती. लोकांनी विचारलं की मात्र ती आपल्याला कॉलेजात शिकवलेल्या सरांचं नाव घ्यायची. मास्तरही शेजारी बसून मान डोलवायचे.

हातातली पेन्सिल थांबली. भिंत गार होती. तिच्यावर तळवा टेकवून ती रिकाम्या विहारात मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, मले गणिताचं येड सरांनी नाही लावलं. तुमी लावलं."