बिनगाडीचा रस्ता

सून केसांना तेल लावत नाही, ही पुतळाबाईची तक्रार सारसोळ्याच्या कोळीवाड्यात एव्हाना सगळ्यांना पाठ झाली होती.

"मानूस गेला की बाईचं कुकू जातं, बांगड्या जातात. तेलानं काय घोडं मारलंय?" ओट्यावर कोलंबी सोलता सोलता ती शेजारच्या बाळाबाईला सांगायची, आत सुचिताला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "डोक्याचा नुसता पेंढा करून फिरते. भाजीला फोडनी नाय, कालवन उकडलेलं. विचारलं तर म्हनते, तेलाचा वास नको वाटतो. अगं, तुजा नवरा गेला तर माजा पोरगा गेला ना? मी जेवते का नाय?"

"दुख्ख हाय तिला," बाळाबाई म्हणायची.

"मग रड ना! डोळ्यात टिपूस नाय. कुनी हिरामनचं नाव काढलं की उठते आनि मोरीवर जाऊन भांडी घासते. घासलेलीच परत घासते."

हिरामण पुतळाबाईचा एकुलता एक. न्हावा शेवा बंदरावर ट्रेलर चालवायचा. कंटेनरच्या मागे कंटेनर, पुढे धूर, मागे हॉर्न. कुठे ट्रेलर उलटल्याचं कानावर आलं की पुतळाबाई उंबऱ्यात येऊन बसायची, ती तो घरी येईपर्यंत हलायची नाही. आल्यावर मात्र चार शिव्या हासडायची, म्हणजे जीव भांड्यात पडला हे त्याला कळू नये.

बंदरावरच त्याची नंदकिशोरशी ओळख झाली. माल सोडवणाऱ्या एजंटाच्या ऑफिसात कामाला, नेरूळच्या सोसायटीत राहणारा, मूळचा देशावरचा. तो आणि त्याचे दोन-तीन मित्र रविवारी सायकली टेम्पोत घालून पनवेलच्या पलीकडे डोंगरात जायचे. तिथे वनखात्याचा एक जुना रस्ता होता. पलीकडचा पूल पुरात वाहून गेला आणि रस्ता गाड्यांना बंद झाला. अलीकडच्या तोंडाला खात्याने साखळी लावली. राहिला तो नुसता रस्ता, साग आणि ऐनाच्या सावलीतून वर चढणारा आणि वळणं घेत खाली उतरणारा. चाकाचा आवाज व्हायचा तो फक्त सायकलींचा.

हिरामण एकदा गेला आणि वेडाच झाला. "आये, एक पन हॉर्न नाय! पान पडलं तरी ऐकू येतं. दिवसभर कुनी मागनं येत नाय, कुनी फुडनं येत नाय."

"मग जा बाबा," पुतळाबाई म्हणाली होती. "गाडीच नाय तर मरशील कशानं?"

आणि त्याच रस्त्यावर त्याचा जीव गेला. माणसं भेटायला येत, पहिला प्रश्न विचारत, "कुठल्या गाडीनं उडवला?" एरवी पुतळाबाईचं तोंड सुटलं की मच्छीबाजारातले व्यापारी पाटी उचलून वाट धरायचे. पण शिव्या द्यायला ड्रायव्हर नव्हता, मालक नव्हता, गाडीचा नंबर नव्हता. डोंगराला शिव्या देऊन पाहिल्या. डोंगर काही बोलला नाही.

मग तिने नंदकिशोरला धरलं. दहाव्याला तो आला, भिंतीशी बसला, म्हणाला, "उतारावर वळण होतं, मावशी. त्याने ब्रेक दाबला होता, पण वळता आलं नाही." तिने त्याला भर लोकांत फाडून खाल्लं. तरी तो येत राहिला. खाली मान घालून ऐकून घ्यायचा आणि जायचा.

असाच एकदा आला तो सांगायला, की सायकल अजून वनखात्याच्या नाक्यावरच पडून आहे. "आणून देऊ का? की तिकडेच कुणाला देऊन टाकू?"

"मी येते," पुतळाबाई म्हणाली. "जागा पन दाव मला."

आतून सुचिता बाहेर आली. कित्येक दिवसांत ती आपणहून बोलली नव्हती. "आये, सायकल नको. तिथंच ऱ्हाऊ दे."

"का? माज्या पोराची वस्तू परक्याच्या दारात सडू दे?"

"सडू दे."

पुतळाबाईचा हात उठला होता. परका माणूस समोर होता म्हणून खाली आला.

नंदकिशोरने कुणाची तरी जीप आणली. साखळीपाशी उतरून दोघं चालू लागले. पुतळाबाईचा जन्म खाडीकाठी गेलेला. जमीन म्हणजे सपाट, एवढंच तिला ठाऊक. इथे रस्ता अंगावर यायचा. करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी वाकलेल्या, वर झाडांच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या. ती मध्येच थांबायची आणि मागे वळून बघायची.

"काय झालं, मावशी?"

"काय नाय. गाडी येते का बघते."

"इथे येत नाही."

"ठाव हाय मला येत नाय!" ती खेकसली. आणि मग तिला ऐकू आलं, सागाचं एक वाळकं पान फांद्यांवर आपटत आपटत खाली आलं आणि रस्त्यावर टेकलं. हिरामण खोटं बोलत नव्हता. तिने पदर तोंडाशी धरला आणि चालत राहिली.

चढ संपला तिथे नंदकिशोर थांबला. "इथे पाणी प्यायलो आम्ही. एकदम खुशीत होता तो. चढताना सगळ्यांच्या पुढे. आम्हाला चिडवत होता, म्हणाला, तुमच्या बायका झोपल्यात, माझ्या बायकोने रात्री बसून सायकल पुसलीय. बघा, नवरी दिसते की नाही! आम्ही खूप हसलो." त्याने पुढच्या उताराकडे बोट दाखवलं. "मग उतार लागला. मी मागेच होतो. त्याचे दोन्ही हात ब्रेकवर आवळलेले दिसत होते मला. सायकल थांबेचना. ब्रेकचे रबर नवीन होते, मावशी, मीच बदलून दिले होते. माझंच काही चुकलं का, हे अजून मला कळत नाही."

वळण तिने पाहिलं. खाली कोरडा ओढा होता, त्यात धोंडे. त्यापलीकडे काही नव्हतं. ती तिथे बसली नाही, रडलीही नाही. "चल," म्हणाली.

नाक्यामागच्या पडवीत सायकल भिंतीला टेकवलेली होती. हँडल वाकडं, पुढचं चाक मोडलेलं, सगळ्यावर तांबडी धूळ. पुतळाबाईने पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा हँडलवरून, दांड्यावरून हात फिरवला. चाकाच्या रिमवर बोटं आली आणि थबकली. धुळीच्या खाली बुळबुळीत लागलं. तिने बोटं नाकाशी नेली. खवट खोबरेल.

सुचिता तळोज्याकडची, भातशेतीच्या गावातली. नवी नवरी होती तेव्हा कोयता दारात विसरली होती आणि त्यावर गंज चढला. पुतळाबाईने तिला अख्ख्या आळीसमोर सुनावलं होतं. "हितलं वारं खारं हाय, बाय. लोखंड दिसलं की तेलाचं बोट फिरवायचं." त्यानंतर पोरीने कधी चुकवलं नाही. विळी, कोयता, दाराची कडी, नवऱ्याचे पाने-पक्कड, सगळ्यांना तेल. सारसोळ्यात कुणाच्या सायकलीला धड ब्रेक नव्हता. थांबायचं असलं की माणसं पाय टेकवायची. ब्रेकचं रबर त्या चकचकीत रिमलाच धरतं आणि तेल लागलं की घसरतं, हे त्या घरातल्या बाईला सांगणार कोण?

पुतळाबाईने पदराचं टोक घेतलं आणि रिम पुसायला लागली. पुढचं चाक, मग मागचं.

"राहू द्या, मावशी, पातळ खराब होईल."

"होऊ दे." धुळीची काळी राड पदराला लागली तरी ती पुसत राहिली. पुसून झाल्यावर म्हणाली, "नंदकिशोर, तुजी काय चूक नाय. तुज्या रबराची पन नाय. आजपास्नं तुला मी बोलनार नाय."

"मग झालं काय होतं?"

"डोंगर व्हता," ती म्हणाली. "दुसरं काय?"

दुपारी सायकल अंगणात उतरवून तो गेला. सुचिता मोरीवर होती. पुतळाबाई तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"खोबरेल लावलं व्हतंस."

सुचिताच्या हातातलं पातेलं थांबलं. "हो."

"चाकांना पन."

"चाकांना पन. मी म्हनलं, डोंगरात दव असेल, गंजेल. माजीच डोक्याची बाटली घेतली. पुरती संपवली."

"त्यानं बघितलं नाय?"

"बघितलं ना. म्हनाला, नवरी केलीस गं सायकलीची. लय खूश झाला." ती पातेल्याकडे बघत बोलत राहिली. "दहाव्याला नंदकिशोरसाहेब बोलले, ब्रेक दाबला व्हता. तवाच मला कळलं. तुमी त्यांना शिव्या द्यायच्या, मला वाटायचं आता सांगते, आता सांगते. तोंड उघडायचं नाय." तिने पातेलं खाली ठेवलं. "मला माहेरी सोडा, आये. गावाला खरं काय ते सांगा."

इतके दिवस पुतळाबाई ज्याला शोधत होती ते माणूस सापडलं होतं. तिच्या घरात, तिच्या मोरीवर, ओल्या हातांनी. साठवलेल्या सगळ्या शिव्या जिभेवर आल्या आणि तिथेच अडकल्या. मोरीच्या ओल्या कट्ट्यावर ती तशीच बसली, सुनेच्या बाजूला. हात लांब करून तिने तोटी बंद केली.

"ऐक," मग ती म्हणाली. "चूक तुजीच हाय. तुला बरं वाटावं म्हनून मी नाय म्हननार नाय. तुज्या हातानं गेला माजा पोर. माफ पन करनार नाय, तेवढी मोटी मी नाय, फुडं होईन का तेबी ठाव नाय. पन माहेरी जायाचं नाव काढायचं नाय. गावाला मी काय सांगनार नाय, तू पन सांगायचं नाय. त्या दिवशी सकाळी मी बाजारात व्हते, सुचिता. तो निघाला तो फक्त तू बघितलास. कसा हसला, काय बोलला, दारातनं कसा गेला, ते मला सांगनारी तू एकलीच हायस. तू हितंच ऱ्हायाचं, आनि मी विचारीन तवा सांगायचं."