लाल रेघ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या बाईला कामावरचे सगळे 'फेरतपासणी' म्हणत, आणि हे नाव तिने चांगलं कष्टाने कमावलं होतं. कामात खोट काढायला जागा नाही. पण गच्चीवरच्या मशीनच्या खोलीला कुलूप लावून खाली आली की तिचं मन हात धुऊन मागे लागायचं. ब्रेकचा नट आवळलास ना? नक्की? मग परत वर, परत लिफ्ट बंद, परत पाना. माणसं पिशव्या घेऊन खाली ताटकळत आणि तिच्या नावाने बोटं मोडत.

आज ती वडिलांच्याच इमारतीत आली होती. तिने ब्रेकचा नट खोलला. बोल्टचे आटे पार गेले होते. बोल्टचा काही दोष नव्हता. दर वेळी मनाच्या समाधानासाठी तिनेच त्याला अजून थोडा पिळला होता. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

लिफ्ट बंद ठेवून ती पाणी प्यायला पाचव्या मजल्यावर वडिलांकडे गेली. ते खुर्चीत बसून गुडघे चोळत होते. अजून धाप लागलेली.

"जिन्याने आलात? मघापर्यंत चालू होती की लिफ्ट!"

"मी बरेच दिवस जिनाच चढतो," वडील ओशाळून म्हणाले. "तू काम झाल्यावर चार चार वेळा वर जातेस, ते दिसतं मला. म्हटलं, मुलगीच एवढी बघतेय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय."

ती त्यांच्यासमोर खाली बसली. ते सुजलेले गुडघे तिचीच करणी होती. तिने बोल्टचं सगळं सांगून टाकलं. मग म्हणाली, "बाबा, कॉलेजात तुम्ही योगशास्त्र शिकवायचात. चित्ताच्या पाच वृत्ती ना? यातली माझी कुठली?"

"खरं ज्ञान, चुकीचं ज्ञान, नुसत्या शब्दांवर उभी कल्पना, झोप आणि आठवण. नट आवळलेला तू डोळ्यांनी बघतेस, ते प्रमाण, म्हणजे खरं ज्ञान. 'सैल राहिला असेल तर?' याच्यामागे वस्तूच नाही, नुसते शब्द. तो विकल्प. तू विकल्पाला पाना लावत बसलीयेस, बाई."

"मग तो घालवायचा कसा?"

"तो येणारच. पण त्याचं ऐकून तू वर गेलीस की त्याची वाट आणखी रुळते. न जाण्याची वाट पाड. पहिल्यांदा जीव जाईल." मग ते हसले. "मला हे सगळं तोंडपाठ आहे हं. पाय मात्र जिन्याकडेच वळतात."

ती वर गेली. नवा बोल्ट घातला, ठरलेला जोर लागला की 'कट' वाजणाऱ्या पान्याने आवळला आणि नटावरून बोल्टवर लाल रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटते. धंद्यातली ही साधी रीत तिने कधीच सोडून दिली होती, कारण तिची रेघ टिकलीच नसती. रिकामी लिफ्ट वरखाली फिरवली, ब्रेक तपासला, रेघ डोळे भरून पाहिली, कुलूप लावलं.

तळमजल्यावर तिने किल्ली वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि लगेच मन बोललं, रेघ नीट बघितलीस ना?

"विकल्प," ती मोठ्याने म्हणाली.

"कोण आलंय?" वॉचमनने फाटकाकडे पाहिलं.

"नेहमीचाच आहे. बसू दे त्याला."

इतक्यात कठडा धरत वडील जिन्याने खाली आले. "झालं?"

"झालं."

"परत नाही जायचं वर?"

"नाही."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग लिफ्टकडे. आत शिरले. "येतेस?"

तिला जायचं होतं. त्यांचा हात धरून, प्रत्येक आवाजाला कान लावून जायचं होतं. पण तीही तपासणीच झाली असती.

"तुम्ही जा. मी इथेच आहे."

दार मिटलं. अगं, बाप आहे आत, मन ओरडलं. वॉचमनच्या टेबलावरची किल्ली हातभर अंतरावर होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि दारावरचे आकडे बदलताना पाहत राहिली. पाच आला. थांबला.

"पोहोचलो गं!" जिन्यातून आवाज आला.

कशी थांबली, झटका बसला का, हे विचारायला तिने तोंड उघडलं.

"येते बाबा!" ती ओरडली, आणि हत्यारांची पिशवी उचलून फाटकाबाहेर पडली.