तुरुंगातली पायपेटी

या मित्रांनो, थोडे जवळ सरका. माझा भाता फाटका आहे, मोठ्याने बोलवत नाही. पण एका नावाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकवल्याशिवाय मी काही तुम्हाला सोडणार नाही.

मी एक जुनी पायपेटी आहे. मिटली की पेटी, उघडली की बाजा. लढाईवर जाणाऱ्या पाद्र्यांसाठी मला घडवलं. लढाई संपली आणि मी वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतल्या धर्मप्रांताकडे आले. हात बदलत बदलत शेवटी वर्नाबाईंच्या, म्हणजे चर्चच्या डीकन सेविकेच्या, गाडीत विसावले. काय हिंडलो आम्ही! पूर ओसरला की चर्चची मंडळी चिखलातल्या शाळेत घोंगड्या आणि गरम सूप वाटायची, तिथे मी. खाणीच्या धुळीने छाती भरलेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमातही मी. वर्नाबाईंचा उपदेश बोलता बोलता गाण्यात शिरायचा आणि मी खालून सूर धरायची. याहून गोड सेवा देवाने मला कुठली द्यावी?

मग तुरुंगातली सेवा सुरू झाली. दर खेपेला तपासणीत माझी पट्टी न् पट्टी उचकटायचे. एकदा पहारेकरी वैतागून म्हणाला, "बाई, हे धूड आत ठेवा तरी, नाहीतर घरी तरी!" तेव्हापासून प्रार्थनेच्या खोलीत माझे पाय फरशीला स्क्रूने आवळलेले आहेत. मिटता येत नाही, हलता येत नाही. खिडकी आहे, पण इतकी उंच की आभाळाचा एक तुकडाच दिसतो.

तिथे डेल्मर नावाचा कैदी मला वाजवायचा. दारूच्या नशेत त्याने होबार्ट नावाच्या शेजाऱ्याचं दुकान जाळलं होतं. त्या आगीत होबार्टचा हात कायमचा अधू झाला.

"काय म्हातारे, आज तरी सुटतेस का?" डेल्मर मला विचारायचा.

"तीच आधी सुटेल," मागून कुणीतरी ओरडायचं. "तिची वागणूक तुझ्यापेक्षा बरी आहे!"

आमच्या उपासनेत प्रार्थना मध्येच थांबते. त्या शांततेत ज्याला ज्याच्यासाठी मागायचं असेल, तो त्याचं नाव मोठ्याने घेतो. गावच्या चर्चमध्ये डेल्मरची आई ओलेटा दर रविवारी "डेल्मर" म्हणायची. बाकी गावाने ते नाव कधीच टाकून दिलं होतं.

हिवाळ्यात ओलेटा गेली. डेल्मरला मातीला जाऊ दिलं नाही. तो माझ्यापुढे बसला, पण पाय हलवेना.

"बाई, आता माझं नाव कोण घेणार?"

"मी घेईन की, बाळा."

"तुम्ही काय, इथल्या सगळ्यांचीच घेता. गावातलं कुणी?"

मी तरी काय करणार होते? माझे पाय जखडलेले.

माती देऊन वर्नाबाई तशाच आल्या, बुटांना कबरीचा चिखल घेऊन.

"प्रार्थना मध्येच थांबली, शांतता झाली," त्या म्हणाल्या. "मी तोंड उघडणार, तोच मागच्या बाकावरून होबार्ट म्हणाला, 'डेल्मर'."

"थट्टा करू नका, बाई."

"शिवी हासडावी तसा म्हणाला रे, पण म्हणाला. नंतर मला सांगतो, 'ओलेटाचं काम अर्धवट राहिलं असतं. मी माफबीफ काही केलेलं नाही, सांगून ठेव त्याला. आणि दर रविवारी जमेलच असंही नाही.'"

डेल्मर हसला, आणि हसता हसता हमसून रडला. मग त्याने पाय चालवले. वर्नाबाईंनी कबरीपाशी केलेला उपदेश पुन्हा गायला घेतला. भात्यातून वारा निसटत होता. डेल्मरने एक हात फाटलेल्या जागी दाबून धरला आणि दुसऱ्याने मला वाजवलं. तेवढा वेळ ना मी जखडलेली होते, ना तो.

मित्रांनो, स्क्रू अजून तसेच आहेत. मला पुसा, तेल द्या, असं मी म्हणत नाही. पण होबार्ट आता थकला आहे. एखाद्या रविवारी त्याला खरंच जमणार नाही. म्हणून तुम्ही जेव्हा हात जोडाल ना, तेव्हा क्षणभर थांबा आणि जरा मोठ्याने म्हणा: डेल्मर.