दंडाचं माप

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात तिच्याच गाऊनची उजवी बाही जोडत होतो. सकाळी मेहुणी दवाखान्यात आली आणि म्हणाली, "भाऊजी, घरी जाऊन अंघोळ करा. तुमच्यापेक्षा ती बरी दिसतेय." अंघोळ केली, पण घरात थांबवेना, म्हणून दुकान उघडलं. दहाच्या सुमाराला मेहुणीचा फोन आला. "आधी मशीन बंद करा," ती म्हणाली. मी बंद केलं. मग तिनं सांगितलं.

बायकोला सहा वर्षं लिव्हर सिरोसिस होता. दारूचा थेंब कधी घेतला नाही. जुनी कावीळ आत मुरली होती. पोटात पाणी साचायचं. लिव्हरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, रोज सकाळी पोटाचा घेर मोजून लिहा. पण टेप हातात आली की मला एकच माप घेता येत नाही. चाळीस वर्षांची सवय. छाती, कंबर, दंड, मनगट, सगळं घ्यायचो आणि मापांच्या वहीत लिहायचो.

"अहो, नुसतं पोट सांगितलंय," ती म्हणायची. "सूट शिवताय का माझा?"

"हात वर कर."

"करते, मास्तर. पण कपडे वेळेवर द्या. तुमचा मंगळवार कुठल्या वारी येतो ते मला ठाऊक आहे."

शेवटच्या वर्षात पोट चौतीस इंचांवरून एकेचाळीसवर गेलं आणि दंड अकरावरून आठवर आला. मी तिचे गाऊन पोटाशी सैल करत होतो आणि बाह्या आवळत होतो. डॉक्टरांकडे मात्र ती वही कधी नेली नाही. कळकट वही, त्यात गिऱ्हाइकांची मापं. कोऱ्या कागदावर फक्त पोटाचे आकडे उतरवायचो. विचारलं होतं तेवढंच. रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन दर वेळी बरं यायचं. किडन्या ठीक आहेत असं डॉक्टर म्हणायचे, आणि आम्ही खूश होऊन परत यायचो.

शेवटी ती दवाखान्यात भरती झाली तेव्हा किडनीच्या डॉक्टर बाई आल्या. त्यांनी रिपोर्टच्या आधी तिचा दंड चिमटीत धरून पाहिला. मग मला बाजूला नेऊन म्हणाल्या, "क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, किडन्या ते बाहेर टाकतात. स्नायू झडले की आकडाही कमी येतो. किडन्या थकल्या तरी कागदावर धड दिसतात."

"म्हणजे रिपोर्ट चुकीचा होता?"

"रिपोर्ट बरोबर होता. पण तिच्यासारख्या पेशंटला तेवढ्यावर विसंबून चालत नाही."

मला ते पुरतं उमगलं नाही. पाणी काढायच्या गोळ्या लिव्हरसाठी चालू केल्या होत्या, त्या आता किडनीसाठी बंद केल्या. पाय सुजले. "किडन्या कधीपासून बिघडल्या?" मी विचारलं. "बरेच महिने झाले असावेत. नेमकं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. दंड कधीपासून उतरला ते वहीत होतं, पण वही तेव्हा दुकानात होती. मी तिचा उल्लेख केला नाही.

त्यानंतर बायकोचं बोलणं भरकटू लागलं. लिव्हरमुळे मेंदूवर परिणाम होतो म्हणे. एका दुपारी तिनं मला परक्यासारखं विचारलं, "मास्तर, माझा गाऊन कधी मिळेल?"

"मंगळवारी," मी म्हणालो. ती हसली नाही.

रविवारी ती गेली.

मृत्यूच्या कागदावर आधी लिव्हर लिहिलंय, खाली किडनी. ती कशानं गेली हे मला त्यावरून कळत नाही. कागद आणायला गेलो तेव्हा किडनीच्या डॉक्टर बाई भेटल्या. मी वहीबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "घेऊन या. रिपोर्टांशी तारखा लावून बघू."

"त्यात माझी चूक निघेल का?"

"दंड मोजा असं तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

हे उत्तर 'हो' समजायचं की 'नाही', याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. मेहुणीला विचारलं. ती म्हणाली, "भाऊजी, वही नेऊन दाखवा, नाहीतर फेकून द्या. रोज उघडून काय बघताय?"

मी बघतो. अकरा, साडेदहा, दहा. तारीख दिसते, तिची कुरकुर आठवते, पण कुठल्या सकाळी मी बोलायला हवं होतं ते सापडत नाही.

गाऊनची डावी बाही जोडायची राहिली आहे. वही अजून बाईंकडे नेलेली नाही.